रशच्या चार एल्पींचा सेट : कृष्णविवरावरच्या त्या साडेदहा मिनिटांसाठी तरी घ्याच

आधी सेट कुठला ते सांगतो. रश या कॅनडाच्या बॅन्डचा ‘अ फेअरवेल टू किंग्ज’ हा १९७७ चा आल्बम, त्याला चाळीस वर्षं झाली म्हणून डिसेंबर २०१७ ला जी मोठी आवृत्ती काढली तिच्यातला हा चार एल्पींवाला प्रकार. पहिल्या तबकडीवर मूळ आल्बम, २०१५ ला ॲबी रोड स्टुडिओत नव्याने मास्टर केलेला (म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावरून आवाज पुन्हा नीट बसवलेला), आणि पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनला २० फेब्रुवारी १९७८ ला झालेला कार्यक्रम, शिवाय दुसऱ्या बॅन्डनी वाजवलेली ह्याच आल्बममधली काही गाणी. स्वस्त नाहीये, आणि गोव्यात दुकानात जाऊन सहज उचलून आणावा असाही नाही, मागवावाच लागतो. माझ्या बॉक्सचा एक कोपरा कुरियरवाल्यांनी चेपून टाकला पण आतल्या तबकड्या सुखरूप होत्या म्हणून परत पाठवला नाही.

मला हवं होतं त्यातलं एकच गाणं. ‘सिग्नस एक्स-वन’, आल्बममधलं शेवटचं, दहा मिनिटं पंचवीस सेकंद. एक माणूस अंतराळयान घेऊन निघतो, हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-वन ह्याच नावाच्या कृष्णविवराच्या दिशेने, मुद्दाम, आत काय आहे ते बघायला, आणि आत ओढला जातो. एवढीच गोष्ट. यानाचं नाव रोसिनांते, म्हणजे जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या स्वप्नाळू डॉन किहोतेच्या त्या मरतुकड्या घोड्याचं, आणि नील पिअर्टने (ड्रमर हाच आणि गाणी लिहिणाराही हाच) ते नाव दिलं तिथेच कळतं की हा प्रवासी कुणी पराक्रमी वीर नाही, स्वप्नाच्या मागे लागलेला माणूस आहे.

पिअर्टला हे सुचलं ‘टाइम’ मासिकातला कृष्णविवरांवरचा लेख वाचून. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण गाणं ऐकताना ती माहीत असली की मजा दुप्पट होते. सिग्नस एक्स-वन ही काही बॅन्डने रचलेली जागा नव्हे. १९६४ ला रॉकेटवर उपकरणं पाठवून आकाशातले क्ष-किरणांचे स्रोत शोधत होते तेव्हा हा सापडला, मग १९७१-७२ च्या सुमारास इंग्लंडात लुईझ वेब्स्टर आणि पॉल मर्डिन यांनी आणि तिकडे टोरांटोजवळच्या डेव्हिड डनलॅप वेधशाळेत टॉम बोल्टनने वेगवेगळं काम करून दाखवलं की एक भलामोठा निळा तारा ५.६ दिवसांत कशाभोवती तरी फिरतोय आणि ते जे काही आहे ते दिसत नाही पण वजनदार आहे. टोरांटो म्हणजे रशचंच गाव! पोरं तिथल्या उपनगरात तालमी करत होती तेव्हा त्यांच्याच शहराच्या कडेला हे काम चाललं होतं. तरी १९७७ पर्यंत शंभर टक्के खात्री कुणीच देत नव्हतं. स्टीफन हॉकिंगने १९७४ ला किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाशी पैज लावली होती की हे कृष्णविवर नाही म्हणून, आणि हार मानली ती १९९० ला. म्हणजे हॉकिंग हार मानायच्या तेरा वर्षं आधी रशच्या तिघांनी त्यात यान घालून टाकलं होतं.

आता गाणं कसं केलंय ते. जून १९७७ ला ते वेल्समध्ये मॉनमथजवळ रॉकफील्ड स्टुडिओत गेले, टोरांटोबाहेर रेकॉर्ड केलेला त्यांचा हा पहिला आल्बम. शेतावरचा स्टुडिओ, राहायची सोय तिथेच, काही भाग तर चक्क बाहेर उघड्यावर रेकॉर्ड केलाय आणि पहिल्या बाजूला त्यामुळे पक्षी ऐकू येतात. रेकॉर्डिंगला साधारण तीन आठवडे, मग लंडनला ॲडव्हिजन स्टुडिओत मिक्सिंगला दोन. वाजवणारे तिघंच. गेडी ली बेस वाजवतो, गातो, सिंथेसायझर वाजवतो आणि पायाखाली मूग कंपनीचे टॉरस पेडल (पायाने वाजवायचा खर्जातला सिंथेसायझर) दाबत असतो, ॲलेक्स लाइफसन गिटारवर आणि पिअर्ट ड्रमसोबत घंटा आणि चाइम्सच्या पसाऱ्यात बसलेला.

आमच्याकडे स्पेसवालं संगीत म्हटलं की हणजुणेच्या पार्ट्यांतली इलेक्ट्रॉनिक ट्रान्सच आठवते सगळ्यांना, आणि त्यात वाईट काही नाही, मीही ऐकतो. पण तिथला स्पेस मशीनमधून येतो आणि ठेका सरळ असतो म्हणून शरीर त्याच्याबरोबर वाहत जातं. इथे उलटं आहे. सुरुवातीला फक्त एक घुमणारा खोल आवाज, त्यात प्रक्रिया केलेल्या आवाजात दोनचार वाक्यं (तो आवाज निर्माता टेरी ब्राऊनचा), मग थोडी शांतता, आणि मग खूप लांबून बेस हळूहळू जवळ येतो. ती बेसची ओळ एकदा नीट कान देऊन ऐका. मात्रा सारख्या बदलतात, आपण सम पकडायला जातो तोवर आवर्तन पुढे सरकलेलं असतं, मग ड्रम आणि गिटार त्या तुटक्या ठेक्यावर एकदम एकत्र आपटतात आणि पुन्हा गप्प होतात. आपल्यापैकी जे भजनाला, नाट्यसंगीताला बसून मोठे झालेत त्यांना हे लगेच पकडेल कारण आपल्याला मात्रा मोजायची सवय असते आणि इथे ते मोजणंच फसवलं जातं. पायाखालची जमीन गेलीय हे शब्दांनी सांगायच्या आधी तालानेच सांगून टाकलंय त्यांनी.

गाणं जवळजवळ निम्मं होत आलं तरी गेडी ली तोंड उघडत नाही. आणि उघडतो तेव्हा आधी नुसती माहिती, कुठला तारा, कुठली जागा, शांतपणे. मधे यान निघतं तो भाग मोकळा, सरळ रॉक, इंजिन लागल्यासारखा. शेवटच्या भागात मात्र आवाज इतका वर जातो की ते गाणं आहे का किंचाळी हे ठरवता येत नाही, गोल गोल फिरत खाली जातोय, अंगाच्या चिंध्या होताहेत. ह्याच आवाजावरून त्या काळच्या समीक्षकांनी रशला जन्मभर धारेवर धरलं, कुणाला तो कर्कश वाटायचा कुणाला हास्यास्पद. मी एवढंच म्हणेन की ह्या जागी गोड गाणारा माणूस चाललाच नसता. कृष्णविवरात पडणाऱ्या माणसाने कुठल्या पट्टीत ओरडायचं?

लोकांनी मात्र आल्बम घेतला. अमेरिकेत तो खपाच्या यादीत ३३ व्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये २२ व्या, आणि नोव्हेंबर १९७७ ला अमेरिकेत त्याला खपाचा गोल्ड दर्जा मिळाला. पण रेडिओवर वाजलं ते ह्याच आल्बममधलं ‘क्लोजर टू द हार्ट’, तीन मिनिटांचं, गोड, आणि सिग्नसला रेडिओवर जागा मिळणं शक्यच नव्हतं. ते वर्ष तर पंकचं, छोटी रागीट गाणी हवी होती सगळ्यांना, लांबलचक गाण्यांची थट्टा व्हायची. सिग्नस वाढलं ते श्रोत्यांकडून श्रोत्यांकडे, मैफलीतून. आणि हे बघा, ह्या बॅन्डला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २०१३ ला, कितीतरी वर्षं ताटकळत ठेवून.

गाण्याच्या शेवटी कथा अर्धवट सोडलीय, पुढचा भाग पुढच्या आल्बममध्ये असं वचन देऊन. ते पाळायला जाऊन तिघं पार थकले. १९७८ च्या ‘हेमिस्फिअर्स’वर पूर्ण पहिली बाजू, अठरा मिनिटं, तोच प्रवासी पलीकडे निघतो ते थेट अपोलो आणि डायोनायसस या ग्रीक देवांच्या भांडणात, बुद्धी आणि भावना वगैरे. वाद्यं आधी वाजवून ठेवली आणि गायला उभा राहिल्यावर गेडी लीला कळलं की पट्टी फारच वर धरलीय, बदलायला वेळ नाही, मग लंडनला जाऊन कसंबसं गायला. त्यानंतर त्यांनी ठरवूनच गाणी आटोपशीर केली. मला विचाराल तर दुसरा भाग पहिल्याच्या जवळही येत नाही. पहिल्यात माणूस पडतो, दुसऱ्यात देव बोलतात, आणि देव फार बोलतात.

आता सेटबद्दल. सिग्नस दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी आहे आणि एल्पीची हीच अडचण असते. तबकडी एकाच वेगाने फिरते पण आत आत जाताना वर्तुळ लहान होतं, म्हणजे सुईखालून तेवढ्याच वेळात कमी खाच सरकते, म्हणून शेवटच्या गाण्यात झांजा फाटल्यासारख्या ऐकू येऊ शकतात आणि वरच्या पट्टीतला आवाज चिरकतो. आणि नेमकं इथेच गेडी ली सर्वांत वर गातोय. माझ्या जुन्या गोल टोकाच्या सुईवर तो शेवटचा भाग चांगलाच खरखरला, लंबगोल टोकाची सुई लावल्यावर बराच सुधारला, आता किंचाळी किंचाळीसारखीच ऐकू येते. शेवटी जे भीतीदायक कॉर्ड येतात आणि मग ती छातीची धडधड, ती इतकी हळू आहे की पंखा चालू असेल तर जाते. पावसाळ्यात तर बेडकांपुढे काही चालत नाही, खिडक्या लावूनच ऐका.

मास्टरिंग चांगलंय. बेस पोटात लागतो पण पसरत नाही, सुरुवातीचा तो घुमणारा आवाज आणि मागची शांतता दोन्ही वेगवेगळी ऐकू येतात, माझ्याकडच्या जुन्या सीडीवर हा भाग नुसता सपाट होता. माझ्या पहिल्या तबकडीवर दोन गाण्यांच्या मधे थोडी टिकटिक होती, धुतल्यावर गेली. हॅमरस्मिथच्या तबकड्यांवर सिग्नस प्रत्यक्ष वाजवलेलं आहे आणि मला वाटतं ज्यांना शंका येते की हे सगळं स्टुडिओतली करामत असणार त्यांनी ते ऐकावंच, तिघं माणसं, हातपाय सगळे कामाला, आणि तो तुटका ठेका कुठेही सुटत नाही. दुसऱ्या बॅन्डनी वाजवलेली गाणी एकदा ऐकून ठेवून दिली.

गोव्यात ठेवणार असाल तर एक सांगतो, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरवर जून ते सप्टेंबर बुरशी धरतेच. तबकड्या उभ्या ठेवा, आतल्या कागदी पिशव्या बदलून प्लॅस्टिकच्या घाला, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात मधून मधून बाहेर काढून पुसा. ह्यू साइमचं ते कव्हर, पाडलेल्या इमारतीसमोर सिंहासनावर बसलेला कळसूत्री राजा, खराब झालं तर जीव हळहळतो.

अजून एक गोष्ट मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा आल्बम बाजारात आला त्याच सुमारास, २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर १९७७ ला, व्हॉयेजर दोन आणि व्हॉयेजर एक ही यानं निघाली, आणि दोघांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे ज्यात आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. त्याच महिन्यात, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. कॅनडाचे तिघं माणसाला अंतराळात पाठवायचं गाणं करत होते आणि आमच्या केरीच्या बाईंचा आवाज खरोखरच तिकडे निघाला होता, तोही तबकडीवरूनच. व्हॉयेजर एक तर २०१२ लाच सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलंय. मी हल्ली ती भैरवी आधी लावतो आणि मग सिग्नस, आणि घरातल्यांना आधी विचित्र वाटलं पण आता आईसुद्धा बसते, भैरवीपुरती तरी.

सिग्नस एक्स-वनकडे अजूनही वेधशाळा बघताहेत. २०२१ ला नव्या मोजमापात ते सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर आणि सूर्याच्या २१ पट वजनाचं निघालं, आधी समजत होते त्यापेक्षा लांब आणि जड. आपल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेनेही त्याचा अभ्यास केलाय. विवर अर्थातच दिसत नाही पण त्याच्याभोवती फिरणारा तो निळा तारा लहान दुर्बिणीतून दिसू शकतो, नोव्हेंबरात पाऊस पूर्ण गेल्यावर संध्याकाळी हंस पश्चिमेकडे असतो तेव्हा, पणजीपेक्षा सत्तरी तालुक्याच्या बाजूला अंधार चांगला मिळेल.

घ्यायचा कुणी? पहिल्यांदाच रश ऐकणार असाल तर साधी एक एल्पी घ्या, तीवरही हेच गाणं आहे आणि पैसे कमी लागतात. आधीच वेड लागलं असेल तर हाच सेट घ्या, हॅमरस्मिथसाठी. फोनच्या स्पीकरवर मात्र नका ऐकू, बेस येतच नाही आणि हे गाणं बेसवरच उभं आहे.