कोबोलचा बिल्ड ग्रेडलवर, एक अख्खा गळीत हंगाम वापरून झाल्यावर

उद्यमनगरात आमचं छोटं ऑफिस आहे, ऊसबिलाचे जुने कोबोल (हिशोबाच्या कामाची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅम सांभाळतो. आधी सगळं एका शेल स्क्रिप्टवर चालायचं, आणि काय बदललं की काय काय परत कंपाईल करायचं (म्हणजे मशीनला चालवता येईल असं बनवायचं) हे फक्त आमच्या सीनियर काकांना पाठ. हंगामाच्या तोंडावर ग्नूकोबोल ३.२ (कोबोलचा कंपायलर) आणि ग्रेडल (काय बदललं ते ओळखून तेवढंच परत बनवणारं बिल्डचं साधन) लावलं.

ग्रेडलला कोबोल मुळात कळत नाही, एक्झेक टास्क (बाहेरची कमांड चालवणारं काम) लिहून कंपायलरला हाक मारायची, तो कोबोलचं सी करतो आणि पुढं सी कंपायलरकडं देतो. एवढं जमलं की झालं.

खरी कमाल कॉपीबुकची, म्हणजे रेकॉर्डची रचना लिहिलेली, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती फाईल. समजा वजनाच्या फील्डला चार अंक पूर्ण आणि दोन दशांश होते, ते तीन पूर्ण आणि तीन दशांश केले. कोबोल दशांशाचा टिंब फाईलमध्ये ठेवतच नाही, नुसते सहा अंक ठेवतो. म्हणजे १२.३४५ टन हे ०१२३४५ असं पडतं, आणि जुन्या कॉपीबुकवर कंपाईल झालेला प्रोग्रॅम तेच १२३.४५ वाचतो! रेकॉर्डची लांबी तीच, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि शेतकऱ्याचं बिल दहापट. आम्ही कॉपीबुकचं अख्खं फोल्डर प्रत्येक टास्कला इनपुट म्हणून दिलंय, त्यातलं एक अक्षर हललं तरी सगळे प्रोग्रॅम नव्यानं बनतात. थोडं जास्त कंपाईल होतं, होऊ दे की, प्रोग्रॅम छोटेच आहेत.

शिवाय मेक हे जुनं बिल्ड साधन फाईलची वेळ बघतं, ग्रेडल आतला मजकूर बघतं, त्यामुळं पेनड्राईव्हवरनं कॉपी करून तारखा गोंधळल्या तरी फरक पडत नाही, हे लई भारी.

त्रास म्हणाल तर जावा लागतंच, आणि डेमन (ग्रेडलचा मागं चालू राहणारा प्रोग्रॅम) काम संपल्यावरही तीन तास रॅम धरून बसतो, चार जीबीच्या मशीनवर नो-डेमन हा पर्याय लावाच. रॅपर (ग्रेडल चालवून देणारी छोटी स्क्रिप्ट) पहिल्यांदा ग्रेडल नेटवरनं डाउनलोड करतो, साईटवर नेट नसेल तर आधीच घेऊन जा. कोबोलच्या फिक्स्ड फॉरमॅटमध्ये (जुनी, ठरलेल्या कॉलमची पद्धत) ओळीतला बहात्तराव्या कॉलमपुढचा मजकूर गळतो, ते काय ग्रेडल सांगणार नाही.

सध्या एक टास्क जोडलंय, बिल्ड झाला की मागच्या पंधरवड्याचं बिल परत निघतं आणि जुन्या आउटपुटशी डिफ (ओळीन् ओळ तुलना) होतं, एका पैशाचा फरक आला तरी बिल्ड फेल. काका आता स्क्रिप्ट उघडत नाहीत, आधी तो डिफ बघतात.