डाउट लिहावं का सस्पेक्ट?

लातूरच्या क्लासमधून बाहेर पडलेल्या पोराला इंग्रजीतला एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे डाउट. 'सर, एक डाउट आहे.' 'आज डाउट सेशन आहे.' माझा भाचा तिथं दोन वर्षं काढून, इंजिनिअरिंग करून आता वाळूजला क्वालिटीत लागलाय. परवा त्याचा फोन आला, "मामा, बाहेरच्या कस्टमरला मेल टाकायचाय. मालात गडबड वाटतेय. डाउट लिहू का सस्पेक्ट?" त्याला मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण या दोन शब्दांपायी मी एकदा तीन दिवस घराबाहेर काढलेत, म्हणून ज्यांना असे मेल लिहावे लागतात त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

क्लासमधला डाउट म्हणजे प्रश्न. आपल्याकडे तो खपतो, कोणाचं काही अडत नाही. इंग्रज किंवा अमेरिकन माणसापुढं 'आय हॅव अ डाउट' म्हटलं तर मात्र आपला त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही असं त्याला वाटू शकतं. तिथं सरळ क्वेश्चन म्हणावं, विषय संपला.

खरी खोच पुढं आहे. आपली शंका दोन्हीकडून चालते. 'माल मिसळला असावा अशी शंका आहे' म्हटलं की अर्थ होकाराकडं झुकतो. 'तो वेळेवर येईल याची शंकाच आहे' म्हटलं की नकाराकडं. 'असावा' आणि 'शंकाच' हे शब्द आपल्याला बरोबर दिशा दाखवतात, म्हणून मराठीत घोळ होत नाही. आजच्या इंग्रजीत 'आय डाउट दॅट' म्हटलं की तोंड एकाच बाजूला, नाहीकडं. होकडं तोंड असलेला शब्द म्हणजे सस्पेक्ट.

हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असलं तरी मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार. आमच्या कारखान्यात एकाच जाडीच्या, पण लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असलेल्या दोन पिना व्हायच्या. एकदा सेकंड शिफ्टला दोन्हींचे क्रेट शेजारीशेजारी आले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. गाडी तर निघून गेलेली. रात्री साडेदहाला मी मेल टाकला, 'वुई डाउट दॅट टू पार्ट्स आर मिक्स्ड इन धिस लॉट.' आपण वेळेत सावध केलं या समाधानात झोपलो. सकाळी उत्तर, 'थँक्स फॉर द कन्फर्मेशन.' मी खूश! समोरच्यानं वाचलं होतं ते असं: दोन पार्ट मिसळलेत असं आम्हाला वाटत नाही. लॉट थेट लाइनवर चढला. चौथ्या दिवशी तक्रार आली आणि दोन पोरं सोबत घेऊन मी पुण्याजवळच्या त्यांच्या गोदामात तीन दिवस एकेक पिन गेजमध्ये घालून बघत बसलो. कस्टमरला दोष देता येईना, त्यानं लिहिलं तेच वाचलं होतं.

गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या काळात हे वाक्य बरोबर ठरलं असतं. तेव्हा डाउटचा 'संशय येणं, भीती वाटणं' असाही अर्थ होता. स्कॉटलंडात आजही 'आय डाउट इट विल रेन' म्हणजे पाऊस येणार बहुतेक. शब्द निघाला लॅटिनमधून आणि त्याच्या मुळाशी 'दोन' आहे, आपल्या द्विधासारखा. त्याच्या स्पेलिंगमधला न बोलायचा बीसुद्धा पुढं विद्वानांनी लॅटिनची आठवण म्हणून घुसडलेला. असल्या शब्दावर रात्री साडेदहाला किती विसंबायचं?

सस्पेक्टचं तसं नाही. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात 'सस्पेक्ट प्रॉडक्ट' अशी नोंदच आहे: ज्या मालाची स्थिती माहीत नाही किंवा संशयास्पद आहे, तो सदोष समजूनच बाजूला ठेवायचा. त्यामुळं हा शब्द वाचला की समोरच्याचा हात आधी माल थांबवायला जातो. एक पथ्य मात्र पाळावं. हा शब्द मालाला लावावा, माणसाला लावू नये. माणसाला लावला की पोलीस स्टेशनचा वास येतो.

आता बाकीची मंडळी. आमच्या आजोबांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. ते म्हणायचे, शक निराळा आणि अंदेशा निराळा. शक घडून गेलेल्याचा, अंदेशा पुढं घडेल त्याचा. ही फूटपट्टी मला इंग्रजीलाही उपयोगी पडली. अ‍ॅप्रिहेन्शन म्हणजे अंदेशा, आपली धास्ती. मिसगिव्हिंग्ज म्हणजे पाल चुकचुकणं, फक्त पाल एक असली तरी इंग्रज ती बहुधा अनेकवचनात धरतो. क्वाम ही मनाची टोचणी, आणि ती जास्त करून 'नाही' हे सांगायलाच वापरतात. स्क्रुपल मला फार आवडतो. मूळ अर्थ टोकदार बारीक खडा, म्हणजे चपलेत गेलेला आणि पावलागणिक टोचणारा. जुन्या औषधवाल्यांचं वजनही याच नावाचं, वीस ग्रेन, साधारण १.३ ग्रॅम. पण कस्टमरला 'आय हॅव स्क्रुपल्स' लिहिलं तर तो बुचकळ्यात पडेल. रिझर्वेशन्स हा सभ्य शब्द आहे, पण मराठवाड्यात रिझर्वेशन म्हटलं की एक तर देवगिरी एक्स्प्रेस आठवते नाहीतर ते दुसरं, आणि ते निघालं की जेवण गार होतं.

सस्पेक्टला खरी टक्कर कन्सर्नची. साहेब लोकांना तो आवडतो, कारण कोणालाच लागत नाही. तेच त्याचं दुखणं. काय घडलंय याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. कन्सर्न लिहिलेले माझे मेल सोमवारी उघडले गेले, सस्पेक्टवाल्यांना तासाभरात फोन आला. मी काही तक्ता मांडलेला नाही, तुमचा अनुभव वेगळा असेल. कस्टमर नवा असेल, नातं नाजूक असेल, तर पहिल्या ओळीत कन्सर्न घालायला माझी हरकत नाही. दुसऱ्या ओळीत मात्र सस्पेक्ट असू द्या.

भाच्यानं ऐकलं. सस्पेक्टच लिहिलं, लॉट नंबर दिला, फोटो जोडले. मेलची कॉपी मलाही टाकली होती. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'डाउट रिगार्डिंग लॉट'.