ओढणाऱ्या कुत्र्यासाठी साखळी घ्यावी की छातीवर हूक असलेला हार्नेस?

कुत्रा दोरी ओढतो म्हणून दुकानात गेलात की दुकानदार दोनपैकी एक वस्तू हातात ठेवतो. एक तर चकचकीत चोक चेन, नाहीतर पट्ट्यांचं जाळं असलेला हार्नेस. हार्नेसला साखळीच्या तिप्पट-चौपट पैसे पडतात. आमच्याकडे 28 किलोच्या लॅब्राडॉरवर दोन्ही वापरून झालं आहे आणि दोन्ही काम करतात. फरक पडतो तो रस्ता कुठला आणि दोरी कुणाच्या हातात यावर. पुढचं सगळं दांडिया बाजार, रावपुरा, सुरसागरचा काठ अशा जुन्या बडोद्यात सकाळ-संध्याकाळ कुत्रा फिरवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

साखळीचं काम कसं चालतं ते आधी बघू. दोरी ताणली की ती आवळते, कुत्रा मागे येतो, आणि त्याच क्षणी ती सैल होते. कुत्र्याला शिकवतं ते हे सैल होणं. ‘आता बरोबर चाललास’ हे त्याला त्यातूनच कळतं. सैल व्हायला उशीर झाला तर गळ्याशी सतत दाब राहतो, आणि सततच्या दाबाला कुत्रा कधीच मागे हटत नाही. जू मानेवर आलं की बैल जसा पुढेच रेटतो, तसा तोही अंग टाकून रेटायला लागतो. घशातून घरघर यायला लागली की समजावं, साखळी आता काही शिकवत नाहीये.

म्हणून माप आणि घालायची दिशा या दोन गोष्टी चुकून चालत नाहीत. कानांवरून आणि हनुवटीखालून डोक्याचा सगळ्यात रुंद घेर मोजायचा आणि त्यात 5 सेंटीमीटर मिळवायचे. घेर 45 असेल तर साखळी 50 ची. जास्त लांब घेतली तर ती घसरून मानेच्या बुडाशी जाते. तिथे स्नायू जाड असल्यामुळे कुत्र्याला फारसं काही जाणवत नाही, आणि मग आपण जास्त जोराने हिसके देत बसतो. घालताना साखळी एका कडीतून ओवून फास करायचा, कुत्र्यासमोर उभं राहून तो इंग्रजी ‘पी’सारखा दिसेल असा धरायचा आणि तसाच डोक्यातून सरकवायचा. कुत्रा आपल्या डाव्या हाताला असला की दोरीकडचं टोक त्याच्या मानेवरून आपल्याकडे येतं, आणि हात सैल सोडला की कडी स्वतःच्या वजनाने खाली घसरते. उलटी घातली तर टोक मानेखालून येतं आणि आवळलेली साखळी तशीच राहते. घरीच एकदा ओढून सोडून बघावी. खळकन सुटली तर बरोबर.

माझं गाडं अडलं ते इथेच. साखळीला बाजू असते. डावीकडची साखळी डावीकडेच चालते, आणि जुन्या गावात कुत्रा एका बाजूला ठेवून शंभर पावलंही नीट टाकता येत नाहीत. प्रत्येक गल्लीची आपली चार-पाच कुत्री असतात. डावीकडच्या ओट्याखालून ती उठली की आपला कुत्रा उजवीकडे घ्यायचा आणि आपण मध्ये यायचं. दहा पावलांवर उजवीकडून स्कूटर अंगावर येते, की परत डावीकडे. खंडेराव मार्केटच्या बाजूला सकाळी हातगाड्या लागल्या की मध्येच गाय उभी, तिला वळसा घालताना पुन्हा हात बदलायचा. दर वेळी साखळी काढून उलटी घालणं कुणालाच जमणार नाही. म्हणजे निम्मा वेळ ती चुकीच्या बाजूने असते, एकदा आवळली की सुटत नाही, आणि नेमकी आवळते ती समोरचं कुत्रं गुरगुरत असताना. गळ्याची कळ आणि समोरचं कुत्रं यांची आपला कुत्रा मनात गाठ बांधतो. पंधरा-वीस दिवसांत तो दुरूनच दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकायला लागतो आणि घरचे म्हणतात, हा भांडखोर झाला. ओढणं थांबवायला आणलेल्या वस्तूने हे व्हावं याचं वाईट वाटतं, कारण यात कुत्र्याची काहीच चूक नसते.

मोकळ्या मैदानावर हा त्रास जवळजवळ होत नाही. नवलखीसारख्या जागी कुत्रा तासभर डावीकडेच राहू शकतो. साखळीची तारीफ करणारे प्रशिक्षक बहुधा अशाच जागी शिकवतात, आणि त्यांचा हातही वर्षानुवर्षं बसलेला असतो. अशा माणसाच्या हातातली साखळी काढून घ्या असं मी म्हणणार नाही. मात्र घरात तोच कुत्रा सकाळी आजोबा, संध्याकाळी शाळेतली मुलगी आणि रविवारी आणखी कुणी फिरवत असेल, तर प्रत्येकाकडून ‘पी’ बरोबर जमेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

पग, शिह त्झू, पॉमेरेनियन यांच्या गळ्यात साखळी घालूच नये. इथे माझं मत ठाम आहे. छोट्या जातींची श्वासनलिका मुळात नाजूक असते आणि दाबाने चपटी होऊ शकते. पगचे डोळे आधीच बाहेर आलेले असतात. गळपट्ट्याला ओढ बसली की डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसला ओढ बसली तर तसा वाढत नाही, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलं आहे. काचबिंदू असलेल्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्यालाही हेच लागू. आणि कुठल्याही कुत्र्याला साखळी घातलीच, तर घरी आल्यावर पहिल्यांदा ती काढायची. गॅलरीच्या जाळीत किंवा फाटकाच्या खिळ्यात कडी अडकली आणि कुत्रा घाबरून मागे ओढत राहिला तर फास लागतो.

काट्यांचा पट्टा, म्हणजे प्राँग कॉलर, आणि विजेचा झटका देणारा पट्टा हे दोन्ही मी यादीतच धरत नाही. वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यावर 2010 पासून बंदी आहे. ओढण्यासारख्या साध्या सवयीसाठी इतक्या टोकाला जायची गरज पडत नाही.

नाकावरून पट्टी जाणारा हेड हॉल्टर मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. घोड्याच्या म्होरकीसारखं याचं काम: डोकं वळलं की अंग वळतं. 35-40 किलोचा रॉटवायलर आणि धरणारी व्यक्ती 50 किलोची असेल तर याच्याइतका ताबा दुसऱ्या कशाने मिळत नाही. पण सवय लावायला सात-दहा दिवस द्यावे लागतात. आधी नुसता नाकापुढे धरून खाऊ, मग नाक त्यातून घालून खाऊ, मग दोन मिनिटं बक्कल लावून घरातच. घाई केली तर कुत्रा पुढच्या पंजांनी नाक खाजवत रस्त्यातच बसतो. याला लांब दोरी कधीच लावू नये. धावत दोरीच्या टोकाला गेला तर झटका सरळ मानेच्या मणक्यांना बसतो. पगसारख्या चपट्या तोंडाला तो बसतच नाही. आणखी एक गोष्ट: लोकांना ती मुसकी वाटते. ‘करडे छे?’ (चावतो का?) हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो, आया मुलांना ओढून बाजूला घेतात. माणसांत मिसळायला शिकत असलेल्या तरुण कुत्र्याचं यात नुकसानच होतं.

मार्टिंगेल म्हणजे कापडी पट्टा आणि त्याला छोटा दुसरा फास. तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच चालतो. पूर्ण आवळल्यावर दोन सरकत्या कड्यांमध्ये 3 ते 5 सेंटीमीटर अंतर उरलं पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर तो फक्त सैल गळपट्टा झाला. मुधोळ हाउंडसारख्या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं आणि साधा पट्टा त्याच्या कानांवरून सटकतो, त्याला हाच योग्य. ओढणं कमी करायला मात्र त्याची फार मदत होत नाही.

आता हार्नेस. पाठीवर हूक असलेला घेऊ नका. बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना सगळा जोर लावता यावा म्हणून हार्नेसच घालतात, आणि पाठीवरच्या हुकाने आपल्या कुत्र्यालाही तीच सोय मिळते. हूक छातीवर हवा. कुत्रा पुढे झेपावला की दोरी छातीला बाजूला खेचते, तो अर्धा वळतो आणि तोंड आपल्याकडे होतं. जोर लावायला जमीनच राहत नाही. डावी-उजवी बाजू नाही, आवळणं नाही, सैल व्हायची वाट बघणं नाही. भाजीच्या गाड्यांमधून चालताना पाच वेळा हात बदलला तरी त्याला फरक पडत नाही. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

पण हार्नेस बसवण्यात चुका फार होतात. दोन्ही पुढच्या पायांमध्ये बोट फिरवलं की छातीच्या हाडाचं वरचं टोक हाताला लागतं, कडी तिथेच यायला हवी. पट्ट्यांचा आकार समोरून ‘वाय’सारखा असावा. छातीवरून आडवी जाणारी एकच पट्टी खांद्याच्या सांध्यावर बसते आणि पाऊल आखूड पडतं. काखेशी पट्टी कोपराच्या तीन-चार बोटं मागे असावी, छोट्या कुत्र्याला दोन. पट्टीखाली दोन बोटं सपाट सरकावीत, मूठ जाऊ नये. मोठ्या कुत्र्याला 25 मिलिमीटर रुंदीची पट्टी घ्यावी. हूक अडकवायची कडी जोड असलेली, म्हणजे वेल्ड केलेली, आहे का ते नखाने चाचपून बघावं. नुसती वाकवलेली कडी ताणाने उघडते.

याच्याही तक्रारी आहेत. सतत एका बाजूला ओढलं तर सगळा हार्नेस तिकडे फिरतो आणि काखेत घासतो. पावसाळ्यात ओल्या नायलॉनखाली चार दिवसांत लाल चट्टा उठतो. फिरून आल्यावर काढून, काख पुसून, पंख्याखाली वाळवला तर हे टळतं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जाड फोमचा जॅकेटसारखा हार्नेस नको, नुसत्या पट्ट्यांचा बरा. मात्र त्याच उन्हात गळा मोकळा असणं ही हार्नेसची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि गळा आवळलेला कुत्रा धाप नीट टाकू शकत नाही.

सगळ्यात गंभीर दोष म्हणजे घाबरलेला कुत्रा मागे सरकत हार्नेसमधून निसटू शकतो. उत्तरायणाच्या दोन दिवसांत गच्चीवरच्या आरडाओरड्याने आणि पायात अडकणाऱ्या मांज्याने चांगली शांत कुत्रीसुद्धा बिथरतात. दिवाळीत फटाक्यांनी तेच होतं. यावर उपाय दोन तोंडांची दोरी: एक हूक छातीला, दुसरा मार्टिंगेलला. एक निसटलं तरी दुसरं धरून ठेवतं. दोरी दीड ते पावणेदोन मीटरची, साधी. डबीतून बाहेर येणारी गुंडाळी दोरी घेऊ नये. तिच्यात कायम थोडा ताण असतो, म्हणजे ओढलं की पुढे जायला मिळतं हेच ती शिकवत राहते.

हार्नेस घातला म्हणून कुत्रा आपोआप शिकत नाही. दोरी ताणली की जागच्या जागी थांबायचं, हिसका द्यायचा नाही, काही बोलायचं नाही. तो मागे वळून दोरी सैल झाली की लगेच एक घास आपल्या पँटच्या शिवणीशी, मांडीजवळ द्यायचा. समोर हात करून दिला तर तो पुढे वळायला शिकतो. पहिल्या दिवशी दर तीन पावलांना घास, मग पाच, मग दहा. अशी दहा-पंधरा मिनिटं, कमी वर्दळीच्या गल्लीत, सकाळी रस्ता थंड असताना. खाऊ रोजच्या जेवणातूनच काढायचा. शाकाहारी घरात पनीरचे नखाएवढे तुकडे उत्तम चालतात. चिवडा देऊ नका. तिखट-मीठ सोडाच, त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. एकदा ओढून जिथे हवं तिथे पोहोचू दिलं की तीन दिवसांची मेहनत वाया जाते, म्हणून घाईच्या वेळी शिकवायला जाऊच नये. घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत पाळली तर तीन-चार आठवड्यांत दोरी बऱ्यापैकी सैल राहायला लागते. साखळीनेही साधारण तेवढाच वेळ लागतो, त्याहून कमी नाही.

दुकानात कुत्रा सोबत न्या. हार्नेस घालून दहा पावलं चालवा आणि खाली वाकून कोपरं बघा. पट्टी कातडीला घासत असेल किंवा पाऊल आखूड पडत असेल तर एक माप मोठं मागा. मग समोर उभं राहून, एका हातात खाऊ धरून, दोरी हलकेच आपल्याकडे ओढा. कान मागे करून तो मागे सरकला आणि हार्नेस खांद्यांवरून पुढे येऊ लागला, तर मापाचा वाटला तरी तो घेऊ नका.