‘सहकारी’ म्हटलं आणि मी विरघळलो

हवानात रस्त्यावरच्या माणसाकडून सिगार घेऊ नये, हे मला ठाऊक होतं. तरी १६४ अमेरिकी डॉलर घालवून आलो. १४० पेटीचे, १४ त्या भल्या माणसाला पाजलेल्या मोहितोचे (रमचं कॉकटेल) आणि १० बक्षिशीचे. हो, फसवल्याबद्दल वर बक्षीसही दिलं!

थाप नेहमीचीच. बहीण कारखान्यात सिगार वळते, आज सहकारी संस्थेचा दिवस, कामगारांना वाट्याचा माल विकायची मुभा, फक्त आजच. कामगारांना खरोखरच रोज थोड्या सिगार मिळतात, म्हणून तर ही थाप पचते. त्यात मी निपाणीकडचा, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातला. ‘सहकारी’ कानावर पडलं की आमचे पाय आपोआप वळतात.

पडक्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका बाईने पलंगाखालून पेटी ओढली. कोहिबा एस्प्लेंदिदोस, म्हणजे क्यूबाची नावाजलेली महागडी सिगार, २५ नग. झाकणाला काच, आत मिठाईसारख्या मांडलेल्या सिगार. इथेच उठायला हवं होतं. इथेच! काचेच्या झाकणाच्या पेटीत कोहिबा येतच नाही. त्याच सकाळी अधिकृत दुकानात बंद लाकडी पेटी हातात घेऊन, किंमत ऐकून मी मुकाट्याने परत ठेवली होती. आणि काच बघून डोक्यात काय आलं? ‘ही जास्त छान दिसते.’ वर २५० चे १४० केले म्हणून छाती फुगलेली. ऊन मी म्हणत होतं, बायको खाली ताटकळत होती, एक मोहितो माझ्याही पोटात होता. असो.

पेटी उलटी करून तळावर बोट फिरवा. खऱ्या पेटीवर ‘एचो एन कूबा’, म्हणजे ‘क्यूबात बनवलेलं’, लाकडात डागलेलं असतं, खाच लागते. माझ्या पेटीचा तळ गुळगुळीत, नुसती शाई.

हॉटेलच्या गच्चीत एक कापली. अस्सल क्यूबन सिगारच्या टोकाला पानाचे तीन थर असतात. इथे डिंकाने चिकटवलेला एकच तुकडा, तो ओठालाच आला. ओढायला इतकी घट्ट की गाल दुखले. चव म्हणाल तर नाकात अमोनियाचा झटका, नीट न मुरलेल्या पानाचा. एक बाजू भराभर जळत गेली, दुसरी तशीच. लांब पानांच्या सिगारची राख पेरभर तरी टिकते, माझी दुसऱ्याच झुरक्याला पँटवर. उभी चिरली तर आत चुरा आणि एक हिरवट काडी. माझे आजोबा तंबाखूच्या वखारीत होते, चिमूट नाकाशी धरून भाव सांगायचे. नातवाने पेटीचा वाससुद्धा घेतला नाही.

पोलीस चौकीत अडीच तास बसवलं. मग म्हणाले, रस्त्यावर घेणंच बेकायदा, तुमचंच नाव लिहू का? हॉटेलवाल्याने खांदे उडवले. हवानाच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने पेटी बघितली, चक्क हसला आणि उरलेल्या २४ ठेवून घेतल्या. सुट्या २० बिलाशिवाय नेता येतात म्हटलं, तर ‘या खोट्या आहेत’. अरे, मग तसं कागदावर लिहून दे! नाही. पावती मागितली, तीही नाही. टोरांटोला परतल्यावर विमा कंपनी विचारते, ‘मालाचा पुरावा?’ पुरावा त्या कस्टमच्या साहेबाच्या कपाटात, जा आणा. रोख दिले होते, त्यामुळे बँकेनेही हात वर केले. रोख देऊ नका. पेटीवरच्या हिरव्या-पांढऱ्या सीलचा नंबर आधी हाबानोस या क्यूबन सिगार विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, पैसे नंतर.

माझ्याकडे उरलाय त्या एका सिगारचा कागदी पट्टा. त्यावरचे पांढरे चौकोन वरच्या कडेला अर्धे कापले गेलेत. चष्म्याशिवायही दिसतात.