जिप्सम आणि एप्सम सॉल्ट: गच्चीवरच्या कुंड्यांत दिवाळी ते पावसाळा वापरून

आधी निकाल सांगते. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) पुन्हा घेणार. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घरात असावं, पण औषधाच्या डब्यात. अंड्याच्या टरफलांची पूड कंपोस्टात टाकावी आणि विसरून जावं.

आमची बाग पुण्यात, गच्चीवर. ग्रोबॅगांत कोकोपीट, गांडूळखत, थोडी लाल माती, निंबोळी पेंड. रासायनिक खत नाही. टोमॅटो, मिरची, ढोबळी, वांगी. अशा हलक्या मिश्रणात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडल्याची तक्रार जास्त दिसते, आणि त्यात कोकोपीटचा मोठा हात असतो. नारळाच्या भुशात मुळातच पोटॅश आणि सोडियम भरपूर असतं. नीट न धुतलेलं कोकोपीट ते सोडत जातं आणि त्यांच्या जागी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. पॉलिहाउसवाले त्यासाठी कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून घेतात. सेंद्रिय बागेत ते बसत नाही, म्हणून मी जिप्समकडे वळले.

शुद्ध जिप्सममध्ये सुमारे 23 टक्के कॅल्शियम आणि 18 टक्के गंधक. महत्त्वाचं म्हणजे त्याने मातीचा सामू (pH) चढत नाही. चुना आणि डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) दोन्ही सामू चढवतात. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत ते उपकारक, पण देशावरच्या काळ्या मातीत आधीच चुनखडी असते, तिथे आणखी कशाला? घेताना एक बघा: बाजारात मिळणारं बरंच जिप्सम खत कारखान्यांतून उरलेलं फॉस्फोजिप्सम असतं. मला खाणीतलं हवं होतं, म्हणून पिशवीवर ‘खनिज जिप्सम’ वाचूनच घेतलं. साधारण वीस लिटर माती मावणाऱ्या ग्रोबॅगला एक मोठा चमचा, भरतानाच मिसळलं, आणि फुलं लागताना पुन्हा थोडं वरून भुरभुरवलं. पाण्यात ते फार विरघळत नाही, लिटरला दोन-अडीच ग्रॅम इतकंच, त्यामुळे हळूहळू पुरतं. आळवणी करायला, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतायला जाल तर बादलीच्या तळाशी गाळ राहणार, त्यात वावगं काही नाही.

फरक? टोमॅटोच्या बुडाला, देठाच्या विरुद्ध टोकाला, फळाला कॅल्शियम कमी पडलं की तो खोलगट काळा डाग पडतो ना, तो हिवाळी टोमॅटोवर जवळजवळ दिसलाच नाही. लांबट जातींवर तो जास्त येतो. चेरी टोमॅटोला क्वचितच. पण एप्रिलच्या उन्हात जिप्सम तेच, मिश्रण तेच, आणि डाग पुन्हा आले. कारण कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं. पानं बाष्पीभवन जोरात करतात म्हणून बहुतेक पाणी तिकडे जातं, फळाला थोडंच मिळतं, आणि मधल्या वेळात कुंडी सुकली तर तेही तुटतं. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी पाणी आणि वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन केल्यावर पुढची फळं निर्मळ आली. डागाळलेलं फळ मात्र सुधारत नाही, ते काढून टाकायचं. थोडक्यात, निम्मं श्रेय जिप्समचं, निम्मं झारीचं, आणि हे सांगणारी जाहिरात मी अजून पाहिलेली नाही.

आता टरफलं. त्यांत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर, वाद नाही. पण सामू सातच्या आसपास असलेल्या कुंडीत ते एका हंगामात विरघळत नाही. व्हिनेगरमध्ये भिजवून ‘पाण्यात विरघळणारं कॅल्शियम’ करायची कोरियन पद्धतही केली. बुडबुडे येतात, मजा वाटते. मग हिशोब मांडला. घरातलं चार-पाच टक्क्यांचं व्हिनेगर पूर्ण वापरलं गेलं तरी लिटरमध्ये 13 ते 17 ग्रॅम कॅल्शियम. ते हजारपट पातळ केलं की लिटरला 13 ते 17 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियमची इष्ट मर्यादाच 75 मिलिग्रॅम आहे! टँकरचं बोअरचं जड पाणी याच्या कितीतरी पट देऊन जातं. शिवाय पानावर फवारलेलं कॅल्शियम तिथेच राहतं, फळापर्यंत उतरत नाही. उरलेली बाटली मी सिंक घासायला वापरली.

मॅग्नेशियमचं वागणं उलटं. ते झाडात फिरतं, त्यामुळे कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. खालची पानं शिरांच्या मध्ये पिवळी, शिरा हिरव्या. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंच्या मिरच्यांना हेच झालं होतं. एप्सम सॉल्ट लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारलं. त्यात मॅग्नेशियम जेमतेम दहा टक्के, पण ते लगेच विरघळतं. नवी पानं हिरवीगार राहिली. फार पिवळी झालेली परत हिरवी झाली नाहीत. महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. काकू दर आठवड्याला बंबातली राख आणि केळ्याच्या सालींचं पाणी घालत होत्या. पोटॅश वाढलं की मुळं मॅग्नेशियम घेत नाहीत, आणि राखेत पोटॅशसोबत कॅल्शियमही असतं, तेही आडवं येतं. “अगं, राखेनंच तर मिरची तरारते,” असं म्हणत म्हणत त्यांनी अखेर राख थांबवली, आणि फवारणीची गरज पडेनाशी झाली. जूनमध्ये सततच्या पावसाने कुंड्या धुऊन निघतात तेव्हा मात्र एक फवारणी उघडीप बघून मी करते.

एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायला मिळते: टोमॅटोचं बूड सडलं की एप्सम घाला. नका घालू. जास्तीचं मॅग्नेशियम कॅल्शियमला अडवतं, डाग वाढतात.

आणि लिंबाला यातलं काहीच लागू पडलं नाही. त्याच्या कुंडीत काळी माती आहे, आणि पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर होता, खालच्या नाही. तो लोहाचा प्रश्न. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्याला जिप्सम नको, एप्सम तर नकोच. पुढच्या कुंडीबदलात काळी माती कमी करून गांडूळखत वाढवणार आहे.