सोरोरिटी हाऊस: जेवण उत्तम, करार कडक

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीने सोरोरिटीच्या, म्हणजे विद्यापीठातल्या मुलींच्या सदस्य-संघटनेच्या, हाऊसमध्ये राहायचं का? पुष्कळ ठिकाणी हे तिच्या मर्जीवर नसतंच. सदस्य झाल्यावर किमान एक वर्ष हाऊसमध्ये राहण्याची अट असते, बहुधा दुसऱ्या वर्षी. घर सहसा माजी सदस्यांच्या मंडळाच्या ताब्यात असतं. कर्जाचे हप्ते आणि आचाऱ्याचा पगार राहणाऱ्या मुलींच्या पैशातूनच निघतो, म्हणून एकही खाट रिकामी राहिलेली मंडळाला परवडत नाही. करार पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो. मध्येच सोरोरिटी सोडली तरी पैसे बहुधा भरावेच लागतात. सही करण्याआधी हे कलम शोधून वाचाच.

जेवण हे हाऊसचं खरं सुख. सोमवार ते शुक्रवार आचारी रांधतो. क्लासमुळे उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेआधी नाव नोंदवायचं, 'लेट प्लेट' झाकून ठेवलेली मिळते. शनिवार-रविवारी स्वयंपाकघर बहुधा बंद, तो खर्च वेगळा धरा. शाकाहारी मुलीने आधी आठवड्याचा मेनू मागून घ्यावा. पास्ता आणि सॅलडवर वर्ष निघत नाही. बीन्स, टोफू किंवा अंडी रोज असतात का ते विचारा. खोलीत शेगडी किंवा इंडक्शन चालत नाही, राइस कुकरचंही विचारूनच ठरवा.

झोपण्याची सोय मात्र घरागणिक वेगळी. पर्ड्यू, इलिनॉयसारख्या विद्यापीठांतल्या काही हाऊसमध्ये 'कोल्ड डॉर्म' असतो: एकच मोठी अंधारी खोली, दुमजली खाटांच्या रांगा, हिवाळ्यातही खिडक्या किलकिल्या. कपडे आणि अभ्यासाचं टेबल दुसऱ्या खोलीत. कोल्ड डॉर्ममध्ये कायम शांतता पाळतात, त्यामुळे झोप छान लागते, पण गजर वाजवता येत नाही. मनगटावर थरथरणारं घड्याळ आणि जाड रजई न्या. हलकी झोप असणाऱ्या मुलीने ही खोली आधी पाहून यावी.

बहुतेक राष्ट्रीय सोरोरिटींच्या हाऊसमध्ये दारूला बंदी असते, २१ वर्षं पूर्ण असली तरी. मुलांना वरच्या मजल्यावर सहसा सोडत नाहीत. हाऊस डायरेक्टर, म्हणजे घराची व्यवस्था पाहणारी बाई, सहसा तिथेच राहते, तिच्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यावी, कारण नळापासून किल्लीपर्यंत सगळं तिच्याकडेच जातं. एकांत हवा असणाऱ्या मुलीला हे घर जड जाईल.

नाताळच्या सुट्टीत हाऊस बहुधा कुलूपबंद असतं. पुण्या-मुंबईहून परतीचं तिकीट काढताना दार उघडण्याची तारीख आधी विचारून घ्या.