इंकजेट डेकलवर कोणता क्लिअर मारावा? सोलापुरात मिळणाऱ्या पर्यायांचे परीक्षण

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचे छापील चित्र किंवा अक्षरे आणि क्लिअर म्हणजे त्यावर मारायचे पारदर्शक वार्निश. निकाल आधीच सांगून टाकतो. गाडीच्या रंगांच्या दुकानात ४०० मिलीच्या कॅनमध्ये मिळणारा साधा ॲक्रिलिक क्लिअर स्प्रे, ग्लॉस, घरी छापलेल्या डेकलसाठी सर्वांत भरवशाचा. मॉडेलिंगच्या कंपन्यांची महागडी बाटली त्याच्या जोडीला असली तर उत्तम, पण ती एकटी वापरली तर शाई पसरवते. आणि सोलापुरात स्प्रे कोणता यापेक्षा तो किती वाजता मारता याने जास्त फरक पडतो.

तयार डेकल शीट मिळते ती बहुधा परदेशी विमानांची, रणगाड्यांची. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा डबा करायचा, एसटीची लाल गाडी करायची किंवा कुर्डुवाडी स्टेशनची पाटी हवी, तर प्रिंटरशिवाय गत्यंतर नाही. इंकजेट डेकलच्या कागदात खालून वर असे थर असतात: शोषक कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक किंवा पांढरा पापुद्रा आणि सर्वांत वर शाई धरणारा लेप. हा लेप ओल पितो म्हणूनच शाई धरतो. डेकल सोडवायला मात्र तो पाण्यातच बुडवावा लागतो. म्हणून मध्ये क्लिअरचा अखंड थर हवा. ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा, कारण थर जाड असून सच्छिद्र राहिला तर त्याचा काही उपयोग नाही.

आधी प्रिंटरचे. कॅननची जी मालिका किंवा एचपी स्मार्ट टँक यांच्या बहुतेक मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते आणि रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. पिगमेंट काळा पाण्याला बराच टिकतो. त्यामुळे फक्त काळी अक्षरे छापून चाचणी घेतली तर सील, म्हणजे क्लिअरचे आवरण, कच्चा असूनही पास होतो आणि पुढच्या शीटवरचा लाल पट्टा पाण्यात गेल्यावर गुलाबी होऊन वाहतो. चाचणीचा तुकडा नेहमी रंगीत शायांचा ठेवावा. छापल्यावर कागद सपाट ठेवून रात्रभर वाळू द्यावा, पावसाळ्यात पूर्ण दिवस. बोटाला कोरडी लागणारी शाई आत ओली असू शकते आणि क्लिअरखाली अडकलेली ओल नंतर फोडासारखी वर येते.

आता स्प्रे. कॅनवर ॲक्रिलिक आणि क्लिअर हे दोन्ही शब्द असल्याची खात्री करावी. इनॅमल क्लिअर घेऊ नये, तो हळू वाळतो आणि काही काळाने पिवळट पडतो. ज्या कॅनच्या तळाशी दाबायची कळ असते तो टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा दोन घटकांचा क्लिअर. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते फुप्फुसाला घातक, आणि त्याचा थर इतका कडक होतो की डेकल मॉडेलवरच्या रिवेटच्या उठावांवर बसतच नाही. मॅटही नको. मॅट करणारी भुकटी थरात असते, पारदर्शक भागावर धुरकट छटा येते. मॅट शेवटी, पूर्ण मॉडेलवर मारावा.

कागद पुठ्ठ्यावर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवावा, नाहीतर क्लिअर आकसताना कागद सुरळी होतो. कॅन दोन मिनिटे हलवावा. २५ ते ३० सेंमी अंतरावरून, फवारा कागदाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. पहिले दोन हात अगदी विरळ, नुसती शिंपड. चमक आली नाही तरी चालेल. पहिल्याच हाताला कागद ओला केला तर थिनरने डायची शाई फुटते, बारीक अक्षरांच्या कडांना मिशा येतात. १५-२० मिनिटांच्या अंतराने हे दोन हात झाले की मग एक किंवा दोन ओले हात, पृष्ठभाग काचेसारखा दिसेपर्यंत. चारच्या वर जाऊ नये. त्यानंतर २४ तास हात लावायचा नाही.

सोलापूरचा प्रश्न इथेच येतो. बाहेरच्या मार्गदर्शनात सारखा इशारा असतो तो दमट हवेचा, की क्लिअर पांढरा पडतो. ते आपल्याकडे पावसाळ्यातल्या चार भिजक्या दिवसांपुरते खरे. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर थेंब कागदापर्यंत पोचायच्या आतच सुकतात आणि भुकटी होऊन पडतात. हात फिरवला की पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. हा थर दिसायला भरीव, पण थेंब एकमेकांत मिसळलेले नसतात. पाणी त्यांच्या मधून आत जाते. माणूस कॅनला शिव्या देतो, दोष उन्हाचा असतो. सकाळी सातच्या आत काम उरकावे, किंवा खोलीत खिडकी उघडी ठेवून पंखा बंद करून. उन्हाळ्यात अंतर २० सेंमीपर्यंत कमी करावे आणि हात थोडा भरभर फिरवावा. खरखरीत थर आलाच असेल तर पुसत बसू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी एक ओला हात मारला की बहुतेक वेळा तो विरघळून एकसंध होतो. गच्चीवरचा वारा आणि धूळ टाळायला मोठे खोके आडवे ठेवून त्यात फवारावे. कॅन उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नये. ५० अंशांच्या वर तापवू नका हा इशारा कॅनवर असतो आणि मे महिन्यात बंद गाडीत तेवढे तापमान सहज होते.

मायक्रोस्केल या कंपनीचे लिक्विड डेकल फिल्म (सुरुवातीला म्हटलेली महागडी बाटली) हे ब्रशने लावायचे. थर पातळ, लवचीक, सेटिंगच्या, म्हणजे डेकल पृष्ठभागावर घट्ट बसवणाऱ्या, द्रावणाला नीट दाद देणारा. गुणांत स्प्रेपेक्षा सरस. पण सील न केलेल्या इंकजेट शाईवर ब्रश फिरला की रंग ओढला जातो. म्हणून आधी स्प्रेचे दोन विरळ हात आणि वाळल्यावर रुंद मऊ ब्रशने फिल्मचा एकच हात, परत न फिरवता. ही जोडी सर्वांत चांगली, हे मान्य. फक्त बाटली सोलापुरात दुकानात मिळेल अशी आशा करू नये, ती मागवावी लागते.

फर्निचरच्या पॉलिशवाल्यांकडचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर स्वस्त, हवा तेवढा सुटा मिळतो आणि ज्याच्याकडे एअरब्रश आहे त्याला मोह होतोच. डेकलच्या कागदावर तो चालतो, थिनर मॉडेलच्या प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आत उडून गेलेला असतो. पण थर ठिसूळ होतो, वाकवताना तडकतो, आणि वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्या भागावर पिवळी झाक येते. काळ्या मालडब्यावर चालेल, पांढऱ्या विमानावर नको.

चित्रकलेच्या दुकानातला फिक्सेटिव्ह कोळशाच्या आणि पेस्टलच्या चित्रांसाठी असतो. तो भुकटी धरून ठेवतो, पापुद्रा तयार करत नाही. त्याला सील म्हणता येत नाही. केसांचा स्प्रे तर पाण्यात सुटतो. तामिया कंपनीचा एक्स-२२ हा क्लिअर मॉडेलवर सुंदर, पण त्यात अल्कोहोल असते. न सील केलेल्या डायवर ब्रशने लावला की शाई पसरलीच.

सील झाला का, हे मॉडेलवर कळून उपयोग नाही. शीटच्या कोपऱ्यात निळा, लाल, पिवळा असे तीन चौकोन आणि एक बारीक ओळ छापून ठेवावी. तो तुकडा कापून दोन मिनिटे पाण्यात ठेवावा आणि पांढऱ्या टिश्यूवर दाबावा. टिश्यूला रंग लागला तर अजून एक ओला हात आणि पुन्हा २४ तास. रंग फक्त कापलेल्या कडेने सुटत असेल तर सील बरोबर आहे, छपाईची आखणी चुकली आहे.

कडेचा हा मुद्दा बरेच जण सोडून देतात. क्लिअर वरून संरक्षण देतो. ब्लेडने कापले की शाईचा थर बाजूने उघडा पडतो. पारदर्शक कागदावर चित्राभोवती एक मिमी मोकळी जागा ठेवून कापले की प्रश्न मिटतो. पांढऱ्या कागदावर ते जमत नाही. एसटीच्या लाल रंगावर पांढरी अक्षरे हवीत, इंकजेटला पांढरी शाई नसते, म्हणजे पांढऱ्या कागदावर लाल जमीन छापून अक्षरे कोरी सोडायची आणि पट्टी पत्र्याच्या जोडरेषेवर कापायची. लाल रंग थेट कडेपर्यंत जातो. अशा वेळी पट्टी कापून झाल्यावर कडेवरून शून्य नंबरच्या ब्रशने क्लिअर फिरवावा (कॅनमधला थोडा टोपणात फवारून घेतला की झाले) आणि तासभर वाळवावा. हवाई दलाच्या विमानावरच्या तिरंगी गोल चिन्हाबाबत दुसरी युक्ती बरी: केशरी आणि हिरवा भाग पारदर्शक कागदावर, खाली पांढऱ्या डेकलची गोल चकती, एका केसाने लहान.

पाणी बोअरचे नको. क्षार पारदर्शक पापुद्र्याखाली पांढरे डाग होऊन राहतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओचे, कोमट. डेकल २० ते ३० सेकंद बुडवून बाहेर ओल्या टिश्यूवर ठेवावे, मिनिटभरात ते आपोआप सरकते. तरंगत सोडले तर डिंक धुऊन जातो. टिपण्यासाठी आपल्या गावचा टेरी टॉवेल, कितीही अभिमानाचा असला तरी, लांब ठेवावा. त्याचा रोवा डेकलखाली गेला की निघत नाही. धुऊन जुने झालेले मलमल चांगले. खालचा रंग ग्लॉस हवा, मॅटवर हवा अडकून चंदेरी डाग पडतात.

सेटिंगच्या द्रावणाबाबत सावध राहावे. मायक्रो सेट निर्धास्त वापरता येते. डेकल मऊ करणारे मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर घरच्या क्लिअरवर कधी काहीच करत नाही, कधी कायमच्या सुरकुत्या पाडते. हे क्लिअरच्या राळेवर आणि थराच्या जाडीवर अवलंबून. त्याच चाचणीच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाच मिनिटे थांबले की कळते. द्रावण लागू पडत नसेल तर बसवलेल्या डेकलवर गरम पाण्यात पिळलेले कापड हलके दाबावे.

काळी अक्षरेच हवी असतील तर लेझर प्रिंटरचा टोनर पाण्याला दाद देत नाही, सीलची गरज उरत नाही. झेरॉक्सवाल्याकडे लेझरचा डेकल कागदच न्यावा. इंकजेटचा कागद त्याच्या मशीनमध्ये घातला तर पापुद्रा वितळून आतल्या गरम रोलरला चिकटतो, आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा यावरून वाद होतो.